गंजलेल्या कुलुपाचा फोटो

काका, मी डोंबिवलीची. बँकेत नोकरी करते. रविवारी एकच नाद: मुंबईतल्या जुन्या चाळींचे जिने, कठडे, दारं यांचे फोटो काढायचे. विकत नाही, स्पर्धेला पाठवत नाही. इन्स्टाग्रामवर टाकते, चारेकशे लोक बघतात. गेल्या महिन्यात लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका बंद खोलीच्या दाराचा फोटो काढत होते. काय सुंदर गंजलेलं कुलूप, वर सुकलेलं तोरण! शेजारच्या खोलीतून एक आजोबा बाहेर आले आणि 'कोणी पाठवलं तुला?' म्हणून तीन-तीनदा ओरडले. खाली वॉचमनने कॅमेरा हातातून काढून घेतला, सगळे फोटो डिलीट करायला लावले, पोलिसांत देतो म्हणाला. मी लोकलमध्ये रडत घरी आले. आता सांगा, परवानगी घ्यायची तर कोणाची? मालकाला शोधून काढू का? लेखी लागते का? आणि फोटो डिलीट करायला लावायचा त्यांना अधिकार आहे का? आणखी एक. गिरगावात गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या एका आजींचा फोटो मी मार्चमध्ये टाकला होता. आता त्यांच्या नातवाचा मेसेज आलाय, काढून टाका म्हणून. आजींनी तेव्हा हसून 'काढ की' म्हटलं होतं. मग काढून टाकायचा का?
जिन्यांची वेडी, डोंबिवली

ताई,

रडावं लागलं त्याचं वाईट वाटलं. वॉचमनकडे नंतर येतो. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आजोबांचं आहे. 'कोण तू?' असं त्यांनी विचारलं नाही, 'इथे काय करतेस?' असंही नाही. 'कोणी पाठवलं?' म्हणाले. म्हणजे तुम्हाला पाठवणारा कोणीतरी त्यांच्या डोक्यात आधीपासून होता. तो कोण, हे कळलं की परवानगी कोणाकडे मागायची हेही बरंचसं कळतं.

लालबाग, परळ, गिरगाव या भागात पागडीच्या चाळी अजून पुष्कळ आहेत. भाडेकरू तीन-तीन पिढ्यांचे, भाडं इतकं किरकोळ की त्यात हल्ली एक वडापावची पार्टी होणार नाही, आणि मालकाला जागा मोकळी झालेली हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालक कोणत्या कारणांनी ताबा परत मागू शकतो ते दिलेलं आहे. त्यातलं एक कारण असं की, दावा लावण्याआधी सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरातच नव्हती. दुसरं एक, भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवला. आता तुमचा तो फोटो पुन्हा डोळ्यांसमोर आणा. कुलपावर गंज, तोरण वाळून कोळपलेलं. त्या खोलीतला माणूस मुलाकडे पुण्याला जाऊन राहिलेला असेल, तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात दाखल करायला याहून सोयीचा कागद मालकाच्या वकिलाला मिळायचा नाही. वर तुमच्या कॅमेऱ्याने तारीख आणि वेळही नोंदवून ठेवलेली. दारावरच्या पाट्यांचं तेच. जुनी पितळी पाटी आणि खाली टिक्सोने चिकटवलेलं भलतंच आडनाव, ही चौकट फोटोवाल्यांना फार आवडते. मलाही आवडायची.

त्यातून पुनर्विकास. बिल्डरची माणसं, सर्व्हेवाले, पात्र-अपात्रच्या याद्या, कोणी सही केली आणि कोणी केली नाही यावरून मजल्यामजल्यावर पडलेले तट. अशा घरात गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेली अनोळखी बाई रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावर उभी आहे, आणि तिने नेमकं बंद खोलीचंच दार निवडलंय! मी आजोबांच्या जागी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

म्हणूनच मालकाला शोधायची तुमची कल्पना कागदावर बरोबर असली तरी चाळीत ती उलटते. हे मी स्वतः भोगलंय. नव्वदच्या दशकात गिरगावातल्या एका चाळीत मला लाकडी जिना टिपायचा होता. मी शहाणपणा केला. भाडं गोळा करायला येणाऱ्या मालकाच्या मेहताजींना गाठलं, त्यांनी ओळखीखातर दोन ओळींची चिठ्ठी दिली. ती खिशात घालून ऐटीत पोचलो. तळमजल्यावर कोणी हटकलं, तर चिठ्ठी पुढे केली. वर जाईपर्यंत मजल्यावरची दारं एकापाठोपाठ एक बंद. धाड-धाड आवाज करत नाही, हळूच कडी लावत. एक बाई कठड्यावरची चादरसुद्धा काढून आत घेऊन गेल्या. मालकाचा माणूस आलाय ही बातमी माझ्याआधी जिना चढली होती. जिना मिळाला, फोटो आला, पण त्यात जिवंत काही नाही. तो रोल अजून माझ्याकडे आहे, बघवत नाही.

तेव्हा चाळीपुरतं सांगतो. खोलीच्या आतलं काहीही हवं असेल तर खोलीत राहणाऱ्याची परवानगी, मालक कोणीही असो. दार, उंबरठा, खिडकी, दारासमोरची रांगोळी, बाहेर वाळत घातलेले कपडे हे मी खोलीतच धरतो. जिना, गॅलरी, गच्ची, विहीर, सामायिक नळ या गोष्टी कायद्याने मालकाच्या किंवा सोसायटीच्या असतील, पण तिथे उभं राहायचं तर त्या मजल्यावरच्यांनी तुम्हाला पाहिलेलं असायला हवं आणि त्यांची हरकत नसायला हवी. ही हरकत नसणं मिळवायचं कुठे, तर चाळीच्या मंडळात. गणपतीचं मंडळ नसलेली चाळ मुंबईत शोधावी लागेल, आणि कॅरम खेळणारे चार कार्यकर्ते रविवारी मंडळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत सापडतातच. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत तर १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. मंडळवाल्यांना चाळीचं कौतुक असतं आणि कोणत्या खोलीचा दावा चालू आहे हेही माहीत असतं. 'ताई, तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे जाऊ नका' असं ते आपणहून सांगतील. का, ते विचारू नका.

पहिल्या फेरीला कॅमेरा घरी ठेवा. खरंच घरी, पिशवीत लपवून नाही. चाळीच्या तोंडाशी वाणी असेल, चहाची टपरी असेल, तिथे चहा घ्या, विचारा की आत कोणाशी बोलायचं. नाव मिळालं की त्याच माणसाकडे जा. आणि मागताना 'चाळीचे फोटो काढू का?' असं मोघम मागू नका. मोघम मागणीला नाही म्हणणंच सोपं असतं. अमुक दिवशी, अमुक वेळात, अमुक जागेचे, इतकं बोट ठेवून सांगा. मी साधारण असं बोलायचो, तुम्ही तुमच्या भाषेत म्हणा:

'मी अमुक, डोंबिवलीला राहते, बँकेत आहे, फोटो काढायचा छंद आहे. पुढच्या रविवारी नऊ ते अकरामध्ये मला तुमचा जिना आणि पहिल्या मजल्याचा कठडा टिपायचा आहे. कोणाच्या घरात कॅमेरा वळवणार नाही, बंद दारांचे आणि पाट्यांचे काढणार नाही, माणसं आली तर विचारूनच. फोटो माझ्या इन्स्टाग्रामवर जातील, चाळीचं नाव न लिहिता. विकायचा प्रश्न आला तर परत येऊन विचारीन. काढलेले सगळे आधी तुम्हाला दाखवते, नको असतील ते तुमच्यासमोर काढून टाकते.'

'बंद दारांचे आणि पाट्यांचे काढणार नाही' हे वाक्य त्यात घालाच. ते ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा सैल होतो, कारण त्याला कळतं की या बाईला चाळ कळते.

लेखी हवं का? रविवारचे दोन तास, हातातला कॅमेरा, आपला छंद, एवढ्यासाठी लेखी मागूच नका. सही म्हटली की सेक्रेटरी बिचकतो. त्याला वाटतं कमिटीत ठेवावं लागेल, मग मीटिंग होत नाही, झाली तर विषय गळतीचा आणि पाणीपट्टीचा निघतो, आणि तुमचा अर्ज फाइलीत जातो. त्यापेक्षा बोलणं झाल्यावर त्याच माणसाला व्हॉट्सअॅप करा: 'आज बोलल्याप्रमाणे रविवारी नऊला येते, जिना आणि पहिला मजला.' त्याचा अंगठा आला की तुमच्याकडे तारखेसह नोंद झाली, आणि गेटवर दाखवायला काहीतरी आलं. ट्रायपॉड, दिवे, साडी नेसवून उभी केलेली मैत्रीण, प्रदर्शन, कॅलेंडर, पैसे, यातलं काहीही आलं की मात्र लेखी, आणि तेही कमिटीच्या लेटरहेडवर. सिनेमा-जाहिरातींच्या चित्रीकरणाच्या परवानग्या चित्रनगरीच्या एक खिडकी योजनेतून मिळतात, त्याचा तुमच्या छंदाशी संबंध नाही. 'फिल्मसिटीचं लेटर आणा' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे एवढं सांगा की मी शूटिंगवाली नाही.

आता कायदा, थोडक्यात. रस्त्यावर, फुटपाथवर उभं राहून इमारतीचा दर्शनी भाग टिपायला कोणाची परवानगी लागत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये स्पष्ट आहे की वास्तूचा फोटो काढल्याने किंवा प्रसिद्ध केल्याने वास्तुविशारदाचा हक्क मोडत नाही. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. समोरच्या कट्ट्यावरून हव्या तितक्या काढा. पण त्या यादीमुळे त्यांचे गोल जिने सार्वजनिक होत नाहीत, ते सोसायटीच्याच मालकीचे राहतात. रस्त्यावरून लांब पल्ल्याची लेन्स लावून कोणाच्या खिडकीत डोकावणं हा वेगळाच मामला. बाईच्या खाजगी क्षणांचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. कुलाब्याकडच्या नौदलाच्या भिंती, तुर्भ्याचं (ट्रॉम्बेचं) अणुकेंद्र आणि 'छायाचित्रण निषिद्ध' अशी पाटी असलेली कुठलीही जागा यांच्याकडे कॅमेरा वळवूच नका. संरक्षणाच्या आणि अणुकेंद्राच्या जागांना १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अॅक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, लागू होऊ शकतो, वॉचमनचं ओरडणं त्यापुढे लाडाचं वाटेल. ड्रोनचा विचारही मनात आणू नका, निदान मुंबईत.

तुमच्या प्रसंगाचं म्हणाल, तर वॉचमनने कॅमेरा हातातून घेणं चूकच. त्याला तो अधिकार नाही, फोटो पुसायला लावायचाही नाही. पोलिसांनासुद्धा वस्तू जप्त करायची तर पंचनामा करावा लागतो. पण बाहेर जा म्हणायचा हक्क तिथल्या रहिवाशांना आणि त्यांच्या वतीने वॉचमनला आहे. न्याय संहितेच्या कलम ३२९ मधल्या अतिक्रमणात हेतू पाहिला जातो: धमकावणं, अपमान करणं, त्रास देणं. उघड्या जिन्याने वर जाऊन, 'जा' म्हटल्यावर मुकाट्याने खाली येणं सहसा त्यात बसत नाही. 'जा' म्हटल्यावर हट्टाने उभं राहून 'मला कायदा माहितेय' असं सुरू केलंत, तर मात्र पारडं फिरतं. म्हणून पुढच्या वेळी असं झालं तर कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला घट्ट ठेवा, आवाज खाली ठेवा आणि म्हणा, 'कॅमेरा माझ्याकडेच राहू द्या, काढलेले मी तुम्हाला दाखवते, जो नको तो पुसते.' आणि पुसा. कुलपाचा तो फोटो तुमच्याकडून जबरदस्तीने पुसून घेतला ही रीत वाईट झाली, पण पुसला गेला हे बरं झालं.

वॉचमनबद्दल एक राहिलं. पुढेमागे कोणी वॉचमन गालात हसून म्हणेल, 'मॅडम, दोनशे द्या, अर्धा तास जा.' देऊ नका. ती परवानगी त्याच्या खिशात नाहीच, आणि वरून कोणी ओरडलं तर पहिला तोच म्हणेल, 'मला न विचारता घुसली.' मंडळाने गणपतीची वर्गणी मागितली तर ती द्या. पावती घ्या.

चाळीबाहेरचं पटकन. सोसायटीची इमारत असेल तर सेक्रेटरी, तो नसेल तर चेअरमन, आणि गच्चीची चावी ज्याच्याकडे असते तो. हा तिसरा माणूस कायम विसरला जातो आणि त्याच्यावाचूनच अडतं. इराणी हॉटेलात आधी बसा, ब्रून-मस्का आणि चहा मागवा, खा, पैसे देताना गल्ल्यावर विचारा. गिऱ्हाईक झाल्यावर विचारलेलं आणि दारातून आत येत विचारलेलं यांत फरक पडतो, आणि शेजारच्या टेबलावरच्यांचे चेहरे टाळा. मॉलमध्ये मोबाइल चालतो, मोठा कॅमेरा काढला की सुरक्षारक्षक येतो. जागा त्यांची, वाद घालण्यात अर्थ नाही. गिरगावातल्या खोताच्या वाडीत बोळ सगळ्यांचा वाटतो, पण व्हरांडे घरांचे आहेत, आणि तिथल्या माणसांना आपल्या पायरीवर परक्यांनी पोज देऊन बसलेलं बघायचा कंटाळा आलेला असतो. पायरीवर चढू नका, बोळात उभं राहून काढा, खिडकीतून कोणी दिसलं तर हात वर करून विचारा.

बंद गिरण्यांच्या आवारात आणि महापालिकेने अतिधोकादायक म्हणून, म्हणजे सी-१ मध्ये टाकलेल्या इमारतींत जायचं नाही. गेटवरचा माणूस हो म्हणाला तरी नाही, मालक म्हणाला तरी नाही. लाकडी तक्तपोशीवर पाय ठेवल्यावर ती कुठवर कुजलीय ते वरून दिसत नाही. अशा ठिकाणी मी एकदा एक पाय घालून बसलेलो आहे, मांडीपर्यंत. फोटो चांगला आला होता. तरी नाही.

एक उलटा अनुभवही सांगतो, म्हणजे तुम्ही अगदीच हिरमुसून बसणार नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत, पुनर्विकासाचं पक्कं झाल्यावर, मला कोणी अडवलं नाही. उलट हाका मारून बोलावलं. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या खोल्या, १६० चौरस फुटांच्या. 'पाडायच्या आत आमच्या खोलीचा काढा हो एक, सगळे बसलेलो असा.' जागा सरकारी, मालक-भाडेकरूचा झगडा नाही, नवं घर ठरलेलं, त्यामुळे कॅमेऱ्याची भीती नाही. त्या दिवशी मी जिन्याचा एकही फोटो काढला नाही, चौदा घरांचे काढले आणि सगळ्यांच्या सहा बाय आठच्या प्रती करून नेऊन दिल्या. त्या द्यायला गेलो तेव्हा एका बिऱ्हाडाने गच्चीची किल्लीच हातात ठेवली. तुम्हीही प्रती नेऊन द्या. डोंबिवलीत स्टुडिओवाल्याकडे छापून घ्यायला फार पडत नाहीत.

लालबागला परत जायचं का? जा, पण कॅमेऱ्याशिवाय आणि आजोबांकडे. कुलपाचा फोटो मोबाइलच्या बॅकअपमध्ये किंवा क्लाउडवर राहिला नाही ना, हे आधी तपासा, कारण कॅमेरा वायफायने जोडलेला असेल तर तो तिकडे आपोआप गेलेला असू शकतो. मग त्यांना सांगा, मला दाव्यांचं वगैरे ठाऊक नव्हतं, फोटो कुठेच उरलेला नाही. कोणता दावा, कोणाची खोली, हे विचारू नका. पुन्हा फोटोची परवानगी त्या दिवशी मागू नका.

राहिल्या पापडाच्या आजी. त्यांचं 'काढ की' हे फोटो काढण्यापुरतं होतं. तो चारशे अनोळखी लोकांच्या मोबाइलवर जाईल हे त्यांना त्या वेळी कळलं असेल असं मला वाटत नाही, आणि तुम्हीही सांगितलं नसणार. नातू भांडत नाहीये, मागतोय. फोटो आज काढून टाका, कारण विचारू नका, आणि उत्तरात 'पण आजी हो म्हणाल्या होत्या' हे लिहू नका. सोबत मूळ फोटो त्याला पाठवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर त्याचा दर्जा उतरतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे त्याला मोठा छापून घेता येईल.